भाच्याची जुनी गिटार

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या घरी फोन वाजला. इतक्या सकाळी फोन आला की घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होते. गावाकडून तार यायची त्या दिवसांची ती सवय अजून गेलेली नाही. पण फोन भाच्याचा होता. तो अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन होजे या शहरी कॉम्प्युटरची नोकरी करतो. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"जयभीम मामा, एक सल्ला हवा होता."

आम्हांला वाटले, लग्नाचे काहीतरी जमले. आमची मंडळीही गॅस बारीक करून फोनजवळ येऊन उभी राहिली. तर चिरंजीव म्हणाले, "मी एक जुनी बेस गिटार विकत घेतली, १९६६ सालची. मधल्या काळात तिच्यात बरेच फेरफार झालेत. मला ती पुन्हा मूळच्यासारखी करायची आहे. तुम्ही आजोबांची पेटी दुरुस्त करून घेतली होती ना, म्हणून तुम्हांला विचारतो."

मंडळी परत स्वयंपाकघरात गेली. आम्ही मात्र पेटीचे नाव निघताच जरा गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगू.

वाचक म्हणतील, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, प्रॉव्हिडंट फंडाचे हिशेब असल्या विषयांवर लिहिणाऱ्या या सदरात गिटार कुठून आली? पण गेले सहा-सात महिने दर रविवारी भाच्याचा फोन येत राहिला, फोटो येत राहिले, आणि त्या गिटारने आम्हांला आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट पुन्हा उकरायला लावली. म्हणून लिहीत आहोत.

आधी बेस गिटार म्हणजे काय ते सांगतो. जयंतीच्या स्टेजवर किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मागे, ड्रमच्या शेजारी, चार जाड तारांची लांब दांड्याची गिटार घेऊन एक पोरगा उभा असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. टाळ्या गायकाला, शिट्ट्या ढोलकीवाल्याला. पण तो मध्येच थांबला तर गाणे एकदम पोकळ वाटू लागते, आणि का वाटते ते ऐकणाऱ्याला कळत नाही. गाण्याच्या खालचा जो घुमारा पोटात जाणवतो, तो त्याचा.

हे वाद्य आजच्या रूपात रुळवले ते कॅलिफोर्नियातल्याच फुलर्टन गावच्या लिओ फेंडर या माणसाने. आम्हांला त्याच्याविषयी आपुलकी वाटण्याचे कारण असे की तो शिकला होता हिशेबनीस होण्यासाठी. आमच्यासारखाच जमाखर्च लिहिणारा. १९३० नंतरच्या मंदीत हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली त्याने सहाशे डॉलर उसने घेऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. लहानपणी एक डोळा गेलेला, तिथे काचेचा डोळा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती ती नव्हतीच. पण दुरुस्तीला येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो कान देऊन ऐकायचा. त्या काळी बेस वाजवायचा म्हणजे माणसापेक्षा उंच, पोकळ लाकडी वाद्य गाडीच्या टपावर बांधून न्यायचे, आणि बाकीची वाद्ये विजेवर वाजू लागल्यावर त्याचा आवाज कोणाला ऐकूच यायचा नाही. १९५१ साली फेंडरने खांद्याला पट्ट्याने अडकवता येईल अशी भरीव लाकडाची बेस गिटार काढली. दांड्यावर धातूच्या पट्ट्या बसवल्या, त्यामुळे बोट थोडे मागेपुढे पडले तरी सूर नेमका लागे. म्हणून तिचे नाव प्रिसिजन बेस, नेमकेपणाची.

तिच्यातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा दांडा चिकटवलेला नाही. चार स्क्रूंनी आवळलेला आहे. बिघडला तर चार स्क्रू काढा, दुसरा लावा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डोके असे चालते. वस्तू आज ना उद्या बिघडणार आणि कोणीतरी ती उघडणार, हे त्याने आधीच धरलेले होते.

आता भाच्याच्या गिटारकडे येऊ. ती त्याने सॅन होजेच्या वर असलेल्या ऑकलंड शहरात एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थाकडून घेतली. (ऑकलंड म्हटल्यावर जुन्या कार्यकर्त्यांचे कान टवकारतील. ब्लॅक पँथर पार्टी तिथेच १९६६ साली निघाली आणि तिच्यावरूनच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतले. गिटारही १९६६ चीच. हा योगायोग आम्ही भाच्याला सांगितला, त्याला माहीत नव्हता.) हे गृहस्थ बंदरावर हमालीचे काम करत. रात्री क्लबात वाजवत आणि रविवारी चर्चमध्ये. आता बोटे सांध्यांतून सुजतात, म्हणून विकली.

गिटार घरी आली तेव्हा तिचा अवतार असा होता. मूळचा रंग खरवडून काढलेला, उघडे लाकूड, वर नुसते तेल. मूळचा पिकअप बदललेला. पिकअप म्हणजे तारेखालचे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत वीज उमटते आणि ती पुढे ॲम्प्लिफायरकडे जाते. प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचा एकच पिकअप असतो, दोन तारांना एक तुकडा. इथे तो काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला होता. शिवाय तारा जिथे खाली अडकतात त्या ब्रिजजवळ लाकूड कोरून आणखी एक पिकअप घातला होता. ब्रिजही नवा, जाडजूड. दांड्याच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती हाडाची पट्टी काढून पितळेची लावलेली.

भाच्याने हिशेब केला होता. अशी फेरफार केलेली जुनी गिटार निम्म्याहून कमी किमतीत मिळते. सगळे मूळचे भाग जमवले, खड्डा बुजवला, रंग दिला, की किंमत दुप्पट. आम्ही म्हणालो, आधी उघड तर खरी.

त्याने तिथल्या एका जाणत्या कारागिराच्या टेबलावर ती उघडली आणि आम्हांला फोनवर दाखवली. आम्हांला यंत्रातले फारसे कळत नाही. पण कागदपत्रे वाचण्यात आमचा जन्म गेला, आणि या गिटारच्या पोटात कागदपत्रेच निघाली. दांडा काढल्यावर त्याच्या बुडाशी शिक्का होता: आधी पाचाचा आकडा, मग मार्च, मग ६६, शेवटी सी हे अक्षर. पाच म्हणजे प्रिसिजन बेस, सी म्हणजे दांड्याची रुंदी, मधली तारीख दांडा तयार झाल्याची. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली जो गोल भाग असतो त्याच्या पाठीवरही आकडे. ३०४ ने सुरू झाले तर ते स्टॅकपोल कंपनीचे, १३७ ने सुरू झाले तर सीटीएसचे, आणि पुढे वर्ष आणि आठवडा. आमचे डोळे चमकले, हा तर आवक-जावक क्रमांक झाला! तेव्हा कारागिराने एक मेख सांगितली. फेंडर कंपनीने १९६६ साली हे भाग एवढे घाऊक विकत घेऊन ठेवले की पुढे दोन-तीन वर्षे तेच वापरले गेले. म्हणून नुसत्या या आकड्यावरून गिटारचे वय सांगू नये. जन्मतारीख एका कागदावरून ठरवायची नाही, दोन-तीन ताडून बघायचे. जातपडताळणीच्या फायली पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

नियंत्रणाच्या खळग्यात, जिथे खरवडणाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे मूळच्या रंगाचे शिंतोडे शाबूत होते. त्यावरून कळले की गिटार मधे पिवळी आणि कडेला लालकाळी होत जाणारी, ज्याला तिकडे सनबर्स्ट म्हणतात तशी होती. अंगावर बारीक स्क्रूची काही भोके रिकामी होती. ती कसली? तर मूळ गिटारला पिकअपवर आणि ब्रिजवर चकचकीत धातूची दोन आवरणे असत, त्यांची. ब्रिजवरच्या आवरणाच्या आत स्पंजचा तुकडा असे, तो तारेला टेकला की आवाज फार लांबत नसे. बहुतेक वादक ही आवरणे काढून टाकत, हाताला अडतात म्हणून. पण भोके राहतात. वस्तू नाहीशी झाली तरी ती होती एवढी साक्ष भोक देते.

इथे भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती आम्ही त्याला पुन्हा पुन्हा विचारून घेतली. फुलर्टनच्या त्या कारखान्यात काम करणारे कोण होते? तर त्यांत मेक्सिकोहून आलेल्या घरांतली माणसे पुष्कळ, आणि बायकाही पुष्कळ. पन्नाशीच्या दशकातल्या दांड्यांच्या बुडाशी पेन्सिलीने टी.जी. अशी अक्षरे सापडतात. ती टाडेओ गोमेझ या कामगाराची. त्याने घडवलेला दांडा आज सोन्याच्या मोलाने विकला जातो. त्याच काळच्या गिटारच्या पोटात चिकटपट्टीचा एखादा तुकडा निघतो, त्यावर मेरी, ग्लोरिया असे नुसते पहिले नाव. तारा जोडणाऱ्या बाईने आपले नाव लिहून आत चिकटवलेले. आडनाव नाही. वाजवणाऱ्याला ते कधी दिसणार नव्हते. पिकअपची गुंडाळी करणाऱ्यांत ॲबिगेल इबारा नावाच्या बाई १९५६ साली कामाला लागल्या, त्या २०१३ साली निवृत्त झाल्या. एका तुकड्याला सुमारे दहा हजार वेढे. यंत्र फिरते, पण तार किती ताणायची, कशी पसरवायची हे बोटांनी ठरवायचे. पुढे त्यांच्या हातच्या पिकअपना एवढी मागणी आली की कंपनी त्यांच्या नावाने विकू लागली. आणि सत्तरच्या दशकात याच कारखान्याचे पिकअप लोकांनी काढून फेकून दिले होते, जुनाट आवाजाचे म्हणून! आमच्या मंडळींनी हे ऐकून विचारले, "मग त्या बाईंना पगार किती होता?" प्रश्न रास्त आहे. एवढे मात्र आकड्यात आहे की लिओ फेंडरने १९६५ साली कंपनी विकली ती एक कोटी तीस लाख डॉलरला.

असो. ब्रिजजवळचा तो जादा पिकअप उचलला तेव्हा खालच्या खड्ड्याच्या तळाशी लाकडावर पेन्सिलीने एक नाव आणि १९७८ हे साल निघाले. नाव गिटार विकणाऱ्या गृहस्थाचेच.

भाचा त्या रविवारी ऑकलंडला गेला. म्हातारबाबांनी सांगितले ते असे. १९७८ च्या सुमाराला क्लबात अंगठ्याने तार हाणून वाजवण्याची, खणखणीत आवाजाची पद्धत आली. जुन्या पिकअपचा आवाज घुमणारा, मऊ. त्यांना दोन ठिकाणी तोंडावर सांगितले गेले की असा आवाज आता चालत नाही. घरात तीन लेकरे. त्यांनी हप्त्याने नवे भाग घेतले, शेजाऱ्याकडून लाकूड कोरण्याचे यंत्र मागून आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर खड्डा स्वतः पाडला. बायको ओरडली, सगळ्या भांड्यांत भुसा गेला म्हणून. रंग काढला तोही तेव्हाच, त्या वर्षांत उघड्या लाकडाची टूम होती. पुढच्या महिन्यात काम मिळाले. "ती गिटार खराब केली असे लोक म्हणतात," ते म्हणाले, "तिने आमच्या घराचे भाडे भरले."

मग ते आत गेले आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात मूळचा पिकअप, मूळचा ब्रिज आणि दोन्ही चकचकीत आवरणे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे जपून ठेवलेली. विकताना का दिली नाहीत? तर म्हणे, तू विचारले नाहीस.

भाचा फोनवर हे सांगत होता आणि आमच्या डोळ्यांपुढे आमच्या वडिलांची पेटी आली.

आमचे वडील गिरणी कामगार. पाळी संपवून रात्री गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जुन्या जर्मन सुरांची ती पेटी त्यांनी कोणाकडून तरी सेकंडहँड घेतली होती. वडील गेल्यावर ती माळ्यावर पडून राहिली. १९९४ साली आम्हांला नवीन पगाराचा फरक मिळाला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने ती दुरुस्तीला दिली. दुरुस्ती करणाऱ्याने विचारले, "सगळी नवी करून देऊ?" आम्ही म्हणालो, "सगळी नवी करा." महिनाभराने पेटी आली ती लग्नातल्या नवरीसारखी. नवे पॉलिश, नवा भाता, नव्या पट्ट्या, आतले सूरही नवे. वाजवून पाहिली तर आवाज स्वच्छ, पण तो आवाज नव्हता. जुने सूर कुठे, असे विचारायला आम्ही आठ दिवसांनी गेलो. ते तोवर विकले गेले होते. आणि पेटीच्या झाकणाच्या आत वडिलांनी खिळ्याने कोरलेली वस्त्यांची नावे, जिथे जिथे कार्यक्रम झाले त्यांची, ती पॉलिश कागदाने घासून सपाट झाली होती. लहानपणी आम्ही त्यांवर बोट फिरवत वाचायला शिकलो. त्या माणसाची चूक नव्हती. त्याला आम्हीच सांगितले होते. आमच्या आईने पेटी पाहिली, "छान झाली" म्हणाली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही.

हे आम्ही भाच्याला तोवर सांगितले नव्हते. त्या रविवारी सांगितले.

त्यानंतर आमचे दोघांचे बरेच बोलणे झाले. भाचा मोठ्या वादकांची उदाहरणे द्यायचा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन म्हणून कृष्णवर्णीय बेसवादक होते. त्यांच्याकडे १९६२ ची प्रिसिजन बेस होती. तिला त्यांनी काही म्हणजे काही केले नाही. आवरणे जागच्या जागी, आत स्पंज, जाड सपाट गुंडाळीच्या तारा, त्याही बदलायच्या नाहीत. उजव्या हाताचे एकच बोट वापरून वाजवायचे. साऱ्या जगाने ती गाणी ऐकली, पण मोटाउनच्या तबकडीवर वादक म्हणून त्यांचे नाव पहिल्यांदा छापले गेले ते १९७१ साली. त्यांची ती गिटार १९८३ साली, ते वारले त्याच्या थोडेच आधी चोरीला गेली. भाच्याचे म्हणणे, बघा, मूळ वाद्यच खरे.

पण दुसरे उदाहरणही त्यानेच दिले. जॅको पॅस्टोरियस या फ्लोरिडातल्या वादकाने फेंडरच्याच १९६२ च्या जॅझ बेसच्या दांड्यावरच्या सगळ्या धातूच्या पट्ट्या काढून टाकल्या, खाचा भरल्या आणि वर होड्यांना लावतात तसले इपॉक्सी चढवले. त्यातून जो माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघाला त्याने बेस वाजवण्याची तऱ्हाच बदलली. ती गिटार पुढे फुटून तिचे तुकडे झाले, ते जोडले गेले, १९८६ साली ती न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३५ व्या वर्षी, मारहाणीत जॅको गेले. गिटार वीसेक वर्षांनी सापडली. आता सांगा, ती मूळची करायची म्हणून कोणी तिला पुन्हा पट्ट्या बसवील काय? बसवल्या तर १९६२ ची गिटार मिळेल, पण जॅकोची जाईल.

कारागिराने आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली, तीही वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण जुने लाकडी सामान आपल्याही घरात असते. एकदा खरवडलेला मूळचा रंग परत येत नाही. त्याच जातीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला, पातळ पातळ हात दिले, आठवडेच्या आठवडे वाळवला, तरी तो नवा रंगच. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला की जुना लॅकर वेगळा उजळतो आणि नवा उघडा पडतो. रंग बदललेल्या जुन्या गिटारची किंमत मूळ रंगाच्या गिटारच्या साधारण निम्मी धरतात, मग तो कितीही हुबेहूब असो. भाच्याचा दुपटीचा हिशेब तिथेच कोसळला. आणि कोणी असा नवा रंग देऊन मूळची म्हणून विकली तर ती सरळ फसवणूक.

आम्ही त्याला आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली. खातेवहीत नोंद चुकली तर आम्ही ती खोडत नाही, पान फाडत नाही, वर पांढरे लावत नाही. खाली दुरुस्तीची नोंद करतो, तारीख घालतो, सही करतो. जुनी नोंद वाचता आली पाहिजे आणि नवीही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. आमच्या पेटीच्या वेळी आम्ही हेच विसरलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, गिटारवर सही कुठे करू?" थट्टा करतो, पण ऐकतो.

मग काम ठरले. डब्यातला मूळचा पिकअप बसवायचा. पण त्याच्या दोन तुकड्यांपैकी एक मुका निघाला. आता काय? नवीन तार गुंडाळायची म्हटले तर १९६६ सालच्या त्या हातांचे दहा हजार वेढे कापून टाकायचे. दुसऱ्या गिटारचा जुना तुकडा विकत घ्यायचा तर तिकडे आणखी एक गिटार लुळी करायची. कारागिराने घाई केली नाही. भिंगाखाली धरून बाहेरच्या बाजूने एकेक पदर तपासला. तार तुटली होती ती अगदी शेवटच्या वेढ्यांत, जोडाजवळ. दोन-चार वेढे सोडवून, टोक खरवडून, पुन्हा डाख दिला आणि तुकडा बोलू लागला. भाचा म्हणतो की त्या वेळी कारागीर आणि तो, दोघेही श्वास धरून होते. ही गुंडाळी कोणाच्या हातची, ते तिच्यावरून सांगता येत नाही. पण ती जशी होती तशी आहे.

जुना ब्रिज आला. पितळेची पट्टी काढून हाडाची नवी कापली, कारण मूळची हरवलेली. कासवाच्या पाठीसारख्या लालतपकिरी नक्षीची पुढची प्लॅस्टिकपट्टी नव्याने बनवलेली घेतली, आणि ती नवी आहे हे तिच्या मागे लिहिले. काढलेले सगळे भाग, १९७८ चा पिकअप, जाड ब्रिज, पितळेची पट्टी, स्क्रूसुद्धा, त्याच बिस्किटाच्या डब्यात गेले. डबा गिटारच्या पेटीतच राहतो.

राहिला तो खड्डा आणि उघडे लाकूड. रंग द्यायचा नाही, असे भाच्याने स्वतःच ठरवले. खड्डा लाकडाचा ठोकळा चिकटवून बुजवता आला असता. कारागिराने तेच सुचवले होते, नुसती लांबी भरण्यापेक्षा त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा जुळवून. पण मग खालचे नाव कायमचे गाडले गेले असते. भाच्याने ब्रिजवरचे ते चकचकीत आवरण बसवून पाहिले. त्याच्या खाली खड्डा जवळजवळ पुरता झाकला गेला. फेंडरच्या माणसांनी जे झाकण स्पंजासाठी केले होते, त्याने म्हातारबाबांचे स्वयंपाकघरही झाकले. खड्डा तसाच ठेवला. आवरण उचलले की नाव आणि साल वाचता येते.

गेल्या महिन्यात म्हातारबाबा सॅन होजेला आले. भाच्याने आम्हांला व्हिडिओ लावून दिला. ते खुर्चीत बसले, गिटार मांडीवर घेतली, आधी आवरणाच्या कडेखाली बोट घालून चाचपले, आणि वाजवू लागले. पण आम्हांला काही ऐकूच येईना! नुसती बोटे तारेवर आपटल्याची टकटक. आमची मंडळी म्हणाली, "फोन बिघडला." धाकटी मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, एवढे खालचे सूर फोनच्या एवढ्याशा स्पीकरातून निघतच नाहीत." तिने वायर आणली आणि फोन आमच्या शाखेच्या कार्यक्रमाच्या त्या मोठ्या स्पीकरला जोडला. तो लग्नसराईनंतर आमच्याच घरी ठेवलेला होता.

पुन्हा सुरू झाले तेव्हा आधी मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या खणखणू लागल्या. मंडळींनी जाऊन हाताने धरल्या.